विषय: हवेवरचा अँगल डाय ग्राइंडर – ह्यूस्टनहून मागवावा की इथेच घ्यावा?

प्रेषक: नाना, फोंडा

मंडळी, नमस्कार.

ह्यूस्टनच्या आपल्या खजिनदारबाई डिसेंबरात गोव्याला येताहेत असे कळले. बॅगेत जागा असेल तर एक काम सांगायचे आहे, पण त्याआधी सल्ला हवा.

ह्यूस्टन सोडून इथे आल्यापासून घरामागच्या पडवीत छोटे वर्कशॉप थाटले आहे. सध्या दोन कामे हातात आहेत. एक म्हणजे घराच्या जुन्या लोखंडी कठड्याचा गंज. त्याच्या नक्षीच्या वेलांट्यांत आपला नेहमीचा चार इंची ग्राइंडर शिरतच नाही. दुसरे काम वडिलांच्या स्कूटरचे: चॅसीवर कुणीतरी केलेले ओबडधोबड वेल्डिंग घासून काढायचे आहे, आणि जमल्यास इंजिनाचे पोर्टही (हवा-धूर ये-जा करायची भोके) साफ करायचे आहेत. रंगकामासाठी घेतलेला २ एचपी, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घरात आहेच. म्हणून हवेवर चालणारा, ९० अंशांत डोके वळलेला डाय ग्राइंडर (अडचणीच्या जागेत शिरणारे, वेगाने फिरणारे घासायचे लहान हत्यार) घ्यावा म्हणतो. तिकडे दुकानात ढीगभर प्रकार दिसतात. खोक्यावर ‘४ सीएफएम’ म्हणजे मिनिटाला ४ घनफूट हवा असे लिहिलेले असते, तेव्हा माझा कॉम्प्रेसर पुरावा. वीजही लागत नाही, तेव्हा ११०-२३० व्होल्टचा घोळ नाही.

काय पाहून घ्यावा?

नाना

प्रेषक: भाई, चिखली (वास्को)

नाना,

ग्राइंडर कुठला, हे नंतर. आधी हवा कुठून आणणार ते बघा.

खोक्यावरचे ते ४ सीएफएम सरासरीचे असतात. मिनिटातले जेमतेम पंधरा सेकंद हत्यार चालवायचे आणि बाकी वेळ हात आखडून बसायचे, असे धरून तो आकडा काढतात. गंज काढताना असे कोण बसतो? हवेच्या मोटरला एका एचपीमागे साधारण ३० सीएफएम लागतात. तुमचे हत्यार पाव ते अर्ध्या एचपीच्या मधले, तेव्हा सलग चालवायला किमान १० सीएफएम धरा. म्हणजे मिनिटाला २८० लिटरच्या पुढे. तुमचा २ एचपीचा कॉम्प्रेसर खरी हवा ५ ते ६ सीएफएमच देणार. पिस्टनच्या मापावरून काढलेला मोठा आकडा पाटीवर असतो, त्यावर जाऊ नका.

टाकीतला दाब ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत ५० लिटरच्या टाकीतून मोकळी हवा निघते सुमारे १०० लिटर. कॉम्प्रेसर चालू धरला तरी पाऊण मिनिटात ग्राइंडरचा आवाज उतरू लागेल. मग थांबा, भरू द्या, परत सुरू करा. तुमच्या कामाला हे चालेल. कठड्याची एक वेलांटी घासायला तेवढा वेळ पुरतो आणि डिस्कही थंड होते. पण स्कूटरची अख्खी चॅसी एका बैठकीत करीन म्हणाल तर कॉम्प्रेसरची मोटर तापेल. माझी हयात बार्ज (खाणींचे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी) दुरुस्तीत गेली. तिथे मोठा स्क्रू कॉम्प्रेसर दिवसभर घोंघावायचा, हवेचा हिशेब कुणी ठेवत नसे. २०१२त गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि ती सवयही सुटली. घरात पै पै मोजल्यासारखी हवा मोजावी लागते. मोठा कॉम्प्रेसर घ्यावा असा विचार आलाच तर आधी वायरमनला विचारा. ३ एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना घरातले दिवे मान टाकतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे व्होल्टेजचा भरवसा तुम्हाला ठाऊकच आहे.

आता पाइप. इथल्या न्यूमॅटिकच्या दुकानात निळा पीयू (प्लास्टिकचा) पाइप बाहेरच्या मापाने विकतात. ‘८ मिमी’ म्हणून घेतलात तर आतून तो ५ मिमीच्या आसपास निघतो. त्यातून रंगाची गन चालेल, ग्राइंडर गुदमरेल. आतून १० मिमी भोक असलेला रबरी होज घ्या, फार लांब नको. आणि ग्राइंडरला लागणारा ९० पीएसआय (सुमारे ६ बार) दाब कॉम्प्रेसरच्या काट्यावर बघू नका. ग्राइंडर चालू असताना त्याच्या तोंडाशी तेवढा दाब हवा. लहान तोंडाचा क्विक कपलरही (पाइप झटकन जोडायचा सांधा) बराच दाब खातो.

सगळ्यात मोठा शत्रू पाणी. आपल्या हवेत, तेही जुलैत, प्रत्येक घनमीटरमागे पंचवीसेक ग्रॅम पाणी असते. ८ बारपर्यंत दाबून हवा थंड झाली की त्यातले बहुतेक पाणी सुटते. तुमचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर सुमारे २०० मिली. त्यातले थोडे टाकीच्या तळाशी बसते. पण टाकी तापलेली असली की वाफ तशीच पुढे जाते आणि पाइपात गार होऊन ग्राइंडरच्या पोटात उतरते. आतल्या मोटरच्या पात्या त्या पाण्याने चिकटतात, सिलिंडरला गंज धरतो. म्हणून काम संपले की टाकीचा खालचा नळ उघडायचा, फिल्टर-रेग्युलेटर कॉम्प्रेसरला चिकटवून न लावता थोडा पाइप सोडून लावायचा, आणि सुरू करण्यापूर्वी ग्राइंडरच्या हवेच्या तोंडात एअर टूल ऑइलचे चार थेंब. ठेवताना परत चार थेंब घालून क्षणभर फिरवायचे. इंजिन ऑइल नको, ते जड पडते. मात्र हे तेल पाइपात जाऊ देऊ नका. रंगाची गन त्याच पाइपावर चालवलीत तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे फोड येतील. गनला वेगळा पाइप ठेवा.

इतके करायची तयारी असेल तरच हवेवरचा घ्या. नसेल तर बॅटरीवाला बरा.

भाई

प्रेषक: खजिनदार, ह्यूस्टन

नाना, भाई, नमस्कार.

आणायला माझी काहीच हरकत नाही. चेक-इन बॅगेत टाकीन, केबिनमध्ये असले हत्यार नेऊ देत नाहीत. तेल मात्र तुम्ही तिथेच घ्या.

११०-२३०चा घोळ नाही हे खरे, पण दुसरे दोन आहेत. इथल्या ग्राइंडरचा कॉलेट (दांडा पकडणारी पकड) पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी. तुमच्याकडे बाजारात मिळणारे कार्बाइड बर आणि माउंटेड पॉइंट (पुढे लावायची घासायची टोके) बहुतेक ६ मिमी दांड्याचे. फरक ०.३५ मिमीचाच, पण हत्यार मिनिटाला २०,००० फेरे घेते. नट कितीही आवळा, ६ मिमीचा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये कधी सरकेल सांगता येत नाही, आणि सुटला तर तो कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. तेव्हा ज्या मॉडेलला ६ मिमीचा कॉलेट सुटा मिळतो तेच घेऊया, नाहीतर हत्यार इथले आणि बर कायमचे माझ्या बॅगेतून! तसेच हवेच्या तोंडाचे आटे. इथे एनपीटी, तुमच्याकडे बीएसपी (आट्यांची अमेरिकी आणि ब्रिटिश मापे). पाव इंचाला एकात इंचामागे १८ आटे, दुसऱ्यात १९. टेफ्लॉन टेप गुंडाळून ते एकमेकांत घुसवता येतात, पण एकतर गळत राहतात किंवा आटे खराब होतात. मी निपल बसवूनच आणीन, पुढचा कपलर त्याला जुळणारा.

बाकी पाहायचे ते असे. हवा मागून बाहेर सोडणारा घ्या. पुढून सोडणारा गंजाचा भुगा तुमच्याच तोंडावर उडवतो. अंगाला प्लास्टिकचे आवरण असावे, कारण प्रसरण पावणारी हवा धातू बर्फासारखा गार करते. लिव्हरला आपोआप बसणारे कुलूप असावे, म्हणजे बाकावरून पडला तर सुरू होणार नाही. वेग कमी करायचा स्क्रू हवाच. आणि हातात घेऊन कॉलेट आडवा हलवून बघायचा. नवाच हलत असेल तर बेअरिंग खराब समजायचे, तो घ्यायलाच नको.

पोर्टचे काम मात्र सरळ ग्राइंडरचे आहे, नाना. वळलेले डोके कठड्याला आणि चॅसीला उत्तम, पण खोल भोकात ते आडवे येते. लांब दांड्याचा बर लावून तडजोड करू नका. लांब दांडा पूर्ण वेगात वाकतो.

भाईंच्या बॅटरीच्या सल्ल्याशी मी अर्धीच सहमत आहे. कधीतरी करायच्या कामाला ठीक, पण नानांकडे कॉम्प्रेसर आहे आणि हौसही आहे.

प्रेषक: नाना, फोंडा

दोघांचेही देव बरें करूं. पोर्टचा नाद सोडला, ते काम फोंड्याच्या मेकॅनिकला देतो. अँगलच आणा, ६ मिमीच्या कॉलेटसकट. रबरी होज इथे बेतोड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीजवळ बघतो.

एकच विचारतो: गंजासाठी डिस्क २ इंची की ३ इंची? तीन इंची घेतली तर काम लवकर उरकेल असे वाटते.

प्रेषक: भाई, चिखली (वास्को)

दोन इंची. २०,००० फेऱ्यांना तिचीच कड सेकंदाला ५३ मीटर पळते, तीन इंचीची ऐंशीच्या घरात जाते. बऱ्याच तीन इंची डिस्कवर कमाल वेग १८,००० छापलेला असतो, म्हणजे वेगाचा स्क्रू आधी कमी करायला हवा, आणि तो किती कमी झाला हे तुम्ही कानाने ओळखणार का? शिवाय मोठी डिस्क दाबली की पाव एचपीची मोटर बसते आणि हवा फुकट जाते. कठड्याला पिळून लावायची, जाळीदार स्कॉच-ब्राइटसारखी डिस्क घ्या. ती लोखंड न खाता गंज काढते. वेल्डिंगला ३६ किंवा ६० ग्रिटची (खरखरीत) डिस्क. कापायची चकती मात्र ह्याला कधीच लावू नका. ह्याला गार्ड नसतो.

कठड्यावरचा रंग जुना असेल, त्यात शिसे असू शकते. नुसता रुमाल बांधून बसू नका, चांगला मास्क घ्या, कानांत बोळे घाला, आणि नातवंडांना त्या दिवशी मागच्या दारी येऊ देऊ नका.

होजसाठी जूनच्या आधी जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलरवाले सगळे दुरुस्तीला लागतात आणि दुकानदाराला तुमच्या पाच मीटरकडे बघायला वेळ नसतो.

भाई