उंबऱ्यावर मिठाची रेघ: ‘लॉकवूड अँड कंपनी’ वाचलेल्यांचे अनुभव

परवा पहाटे पाणी प्यायला उठले आणि लेकीच्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय घसरला. दिवा लावून बघते तर जाडं मीठ. या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत सरळ रेघ, मध्ये कुठे फट नाही. आवाजानं सासूबाई उठल्या. त्यांचं पहिलं वाक्य, “सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं.” लेकीचं, पांघरुणातूनच, “आई, तू ओलांडलीस ना, म्हणजे तू भूत नाहीस.”

हे कर्तृत्व जोनाथन स्ट्राउडच्या ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’चं. ‘लॉकवूड अँड कंपनी’ या पाच भागांतला हा पहिला भाग, २०१३ चा. पाचवा २०१७ ला आला. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये पन्नासेक वर्षांपासून भुतांची साथ पसरली आहे. अंधार पडला की संचारबंदी. भूत नुसतं शिवलं तरी जीव जाऊ शकतो. आणि ती धड दिसतात, ऐकू येतात फक्त मुलांना. वाढत्या वयाबरोबर ती शक्ती जाते. म्हणून एजन्सीवाले मुलांना नोकरीला ठेवतात, हातात तलवार देतात आणि झपाटलेल्या घरात धाडतात. लॉकवूडची एजन्सी तिघांचीच: तो, जॉर्ज आणि गोष्ट सांगणारी लूसी. वर कुणी मोठं माणूस नाही.

लेकीकडून मागून वाचलं. खूप हसले आणि मध्येच पुस्तक मिटून तिच्या खोलीत डोकावून आले. तुमचं काय झालं? लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

शाळेतली ग्रंथपाल, ठाणे

आमच्याकडची प्रत जागेवर क्वचितच असते. आठवीतली जी मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत तीही नेतात. मला वाटायचं, तलवारी आणि भुतांमुळे. विचारलं तर सगळे बोलतात ते स्वयंपाकघराबद्दल! तिघांचा चहा, डोनट, बिस्किटं पाळीपाळीनंच घ्यायची हा कडक नियम, आणि टेबलावरचा तो पांढरा कपडा, ज्यावर वाटेल ते लिहायचं, चित्रं काढायची. एकानं विचारलं, “मॅडम, यांच्या घरी आईबाबा कसे नाहीत?” शेजारचा म्हणाला, “म्हणून तर टेबलक्लॉथवर लिहिता येतं ना.” मी शिक्का मारायचं विसरले.

मूळचा कणकवलीकडचा, आता पुणे

मला यात परकं काही वाटलंच नाही. लोखंड, मीठ, वाहतं पाणी. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली कोयती असायचीच, आणि दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या. स्ट्राउडच्या भुतांना वाहतं पाणी ओलांडता येत नाही. रात्री दशावतार बघून येताना आजी व्हाळ ओलांडेपर्यंत माझं मनगट घट्ट धरून ठेवायची, तोंडातून अवाक्षर नाही. पलीकडे पाय टेकला की हात सुटायचा आणि ती पानाची चंची सोडायची. कारण कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षांनी एका इंग्रजी पुस्तकात मिळालं.

त्या पुस्तकातलं प्रत्येक भूत कशाला तरी चिकटलेलं असतं. हाड, दागिना, एखादी वस्तू. त्याला ते ‘सोर्स’ म्हणतात. तो शोधून चांदीच्या जाळीत गुंडाळला की भूत गप्प. मग आपला समंध काय वेगळा? पुरलेल्या धनात जीव अडकलेला, वारसालाही हात लावू देत नाही. पण आपण त्याला नारळ देतो, कोंबडा देतो, काय हवं-नको विचारतो. ते त्याला प्रकारात बसवतात: टाइप वन, टाइप टू. वर त्यावर देखरेख करणारं सरकारी खातं! मला खरं हसू तिथे आलं.

एकच खटकलं. आमच्या वाडीतल्या मुंजाला नावगाव होतं, त्याचा पिंपळ ठरलेला होता, त्याच्या नावानं पोरं एकमेकांना चिडवायची. तिथे मात्र बहुतेकांना भूत म्हणजे नुसती कीड, फवारणी करून मोकळं व्हायचं. ते काय म्हणतंय हे ऐकावंसं वाटतं एकट्या लूसीला, आणि त्यापायी ती वेळोवेळी गोत्यात येते. ती मला आवडली ती म्हणूनच.

नाव नको, नागपूर

थोडं उलट लिहिते. मला मधला भाग रेंगाळलेला वाटला आणि लूसी जॉर्जच्या दिसण्यावरून जे बोलत राहते ते मला विनोदी वाटत नाही. सगळी माहिती तोच कागदपत्रं उपसून काढतो, आणि वर्णन मात्र त्याच्या पोटाचं. माझा मुलगा जाडा आहे. त्यानं दुसरा भाग मागितला नाही. बाकी तुम्ही म्हणता ती भीती, हो, ती आहे. भूत जवळ आलं की थंडी, वास, भीती यांच्याबरोबर मन उगाच जड होतं, सगळं व्यर्थ वाटायला लागतं, हे स्ट्राउडनं लक्षणांत धरलंय. बाळंतपणानंतर वर्षभर मी तशी होते. तेव्हा घरात कुणी तलवार घेऊन आलं नाही.

वय १५, नाशिक

कवटी!!! बरणीतली कवटी बेस्ट आहे. पहिल्या भागात तिला फार काम नाही पण पुढे वाचा. (शेवट फोडत नाहीये.) आणि नेटफ्लिक्सनं २०२३ च्या जानेवारीत आठ भाग दाखवले आणि मे महिन्यात मालिका बंद करून टाकली, त्याबद्दल मी अजून रागावलेली आहे. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी सुतक होतं. बाबा म्हणाले, भुतांची मालिका आहे, परत येईल. पांचट विनोद.

मराठवाडा, गाव सांगत नाही

पुढे लूसीच्या आधीच्या नोकरीचा प्रसंग येतो, न वाचलेल्यांनी हा परिच्छेद सोडा. गिरणीत जायला नको असं तिला आतून वाटत असतं, पण देखरेख करणारा मोठा माणूस मुलांना आत पाठवतो. आत गेलेल्यांतली ती एकटी वाचते. चौकशीत त्याला दोष लागत नाही.

मी दहा वर्षांचा असताना उन्हाळ्यात आमची विहीर तळाला जायची. पोहरा टेकायचा, भरायचा नाही. मग कुणीतरी खाली उतरून वाटीनं पाणी गोळा करून पोहऱ्यात ओतायचं. मी हलका, म्हणून मी. कमरेला दोर, वर धरायला चार मोठी माणसं, सगळी ‘काही होत नाही’ म्हणणारी. खाली गारठा आणि कुजल्या पाल्याचा वास. वरून काका ओरडायचे, “काय दिसतंय रे?” मी म्हणायचो, “मामलेदार बसलाय, तुमचीच चौकशी करतोय.” वर हशा व्हायचा. माझे गुडघे लटलट कापायचे, पण वरच्यांना ते दिसत नव्हतं, आणि विनोद थांबवला तर ते दिसेल असं मला वाटायचं.

पुस्तक मुलानं दिलं. लॉकवूड मरणाच्या तोंडाशी उभा राहून चहाच्या गोष्टी करतो, त्यावर मुलगा हसून लोळतो. मीही हसलो. पण तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. मुलाला विहिरीचं अजून सांगितलेलं नाही.

ठाण्याच्या ग्रंथपाल, पुन्हा

सोमवारी ही प्रत नेणाऱ्या मुलाला शिक्का मारण्याआधी मी काहीतरी विचारणार आहे. काय, ते ठरलं नाही.

वय १५, नाशिक

काका, सांगा त्याला. तो हसणार नाही. म्हणजे मामलेदारावर हसेल.

धागाकर्ती

सगळं एका बैठकीत वाचलं. कणकवलीकरांची कोयती लेकीला वाचून दाखवली, ही माझी चूक. घरात कोयती नाही, बाकी सगळं स्टीलचं. रात्री तिनं ओट्यावरून लोखंडी तवा नेला आणि उशाखाली ठेवला. आज पोळ्या नॉनस्टिकवर झाल्या, सासूबाईंनी खाल्ल्या नाहीत. दुसरा भाग कुणाकडे असेल तर हवाय. तिला नव्हे, मला.