दमा, कोकण आणि ओलावा

वर लिहिलंय की दमेकऱ्यानं मराठवाड्यातली धूळ सोडून चार दिवस कोकणात जावं, तिथली हवा स्वच्छ, हे मला अर्धंच पटतं. धुळीचं खरंय, अन् पाऊस उघडल्यावर आमच्या परभणीकडं बांधाबांधाला गाजर गवत फुलतं तेव्हा माझ्या लेकीच्या शिंका थांबतच नाहीत, त्या दिवसांत गाव सोडलेलंच बरं. पण तिची ॲलर्जी टेस्ट केली त्यात डस्ट माईट पण निघाले, म्हणजे गादी-उशीतले डोळ्याला न दिसणारे किडे, अन् हे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांचा टिकाव लागत नाही. समुद्रकाठी ती बहुतेक वेळा त्याच्या वरच, त्यात पावसाळाभर बंद असलेल्या खोल्यांना बुरशी. अलिबागकडं गेलो तेव्हा दिवसभर किनाऱ्यावर पोरगी एकदम ठणठणीत, रात्री गादीला पाठ टेकली की छातीत घरघर सुरू.

म्हणून आधी आपल्याला नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते बघा, मग ठिकाण. माईट-बुरशीवाल्यांनी पावसाळ्यात महाबळेश्वर तर नकोच, त्यापेक्षा फेब्रुवारीत आपलं संभाजीनगरजवळचं म्हैसमाळ बरं, हवा कोरडी असते. अन् कॅप्सूलवाला इनहेलर असेल तर दमट ठिकाणी कॅप्सूल आधीच काढून मशीनमध्ये भरून ठेवू नका, पावडर ओल धरते आणि नीट आत जात नाही, घ्यायच्या वेळीच डबीतून काढा.