तोंडातले बॅक्टेरिया गिळले जातात, त्याने खरंच पोट बिघडतं का?

मिरजेची_सून:
नमस्कार मंडळी, सासऱ्यांसाठी विचारतेय. वय ६८, ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल कित्येक वर्षं चालू आहे, रोज सकाळी उपाशीपोटी एक. हिरड्या सुजलेल्या, ब्रश केला की रक्त येतं, तोंडाला वास येतो, पण डेंटिस्टचं नाव काढलं की "दात साफ केले की हलायला लागतात" हे ठरलेलं उत्तर. गेले काही महिने पोटाचीही तक्रार आहे, गॅस, कधी जुलाब तर कधी दोन-दोन दिवस साफच होत नाही. आता नणंदेने एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात म्हणे तोंडातले जंतू लाळेबरोबर आतड्यात जातात आणि तिथल्या चांगल्या बॅक्टेरियांना मारतात, म्हणून दिवसातून तीनदा कडक माउथवॉश वापरा. सासऱ्यांना ते एकदम पटलं कारण मग दवाखान्यात जायला नको. यात खरं किती? आणि ती घरी किट मागवून करतात ती आतड्यातल्या बॅक्टेरियांची टेस्ट करावी का, बरीच महाग आहे.

दातांचा_डॉक्टर:
ताई, जंतू गिळले जातात हे अगदी खरं आहे. आपण दिवसाला साधारण एक लिटर लाळ गिळतो आणि एका मिलिलिटरमध्ये १० कोटीच्या आसपास बॅक्टेरिया असतात, म्हणजे रोज साधारण दहा हजार कोटी पोटात जातात, तुमच्या माझ्या सगळ्यांच्याच. तरी आपण आजारी पडत नाही कारण जठरातलं ॲसिड त्यातले बहुतेक मारून टाकतं, त्यातून वाचले त्यांना यकृतातून येणारं पित्त नडतं, आणि मोठ्या आतड्यात आधीपासून वस्ती करून बसलेले बॅक्टेरिया नवीन आलेल्याला सहजासहजी जागा देत नाहीत.
आता तुमच्या सासऱ्यांचं बघा, ॲसिड कमी करायचं औषध वर्षानुवर्षं चालू, म्हणजे पहिलीच चौकी ढिली झालेली. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांवर आणि नेदरलँड्समध्ये असे दोन अभ्यास आले, दोन्हीत प्रत्येकी साधारण १८०० लोक होते, आणि ही औषधं घेणाऱ्यांच्या शौचाच्या नमुन्यात स्ट्रेप्टोकॉकस, रोथिया असे तोंडात राहणारे बॅक्टेरिया जास्त सापडले. पण म्हणून गोळी परस्पर बंद करू नका प्लीज! अचानक सोडली तर ॲसिड उलट उसळून येतं आणि काहींना ती गोळी खरंच लागते. ती चालू ठेवायची की कमी करायची हे ज्यांनी दिली त्यांना विचारा.
आणि दात हलतात त्याबद्दल. दात स्केलिंगमुळे, म्हणजे साफ केल्यामुळे ढिले होत नाहीत, हिरडीखालचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि दातांवर साचलेला कडक थर त्यांना धरून बसलेला असतो, तो काढला की खरी परिस्थिती कळते इतकंच. तो थर ठेवला तर हाड झिजतच राहणार.

पेट्री_डिश:
मायक्रोबायॉलॉजीत आहे म्हणून थोडं लिहिते. व्हिडिओतलं "चांगल्यांना मारतात" हे फार सोपं करून सांगितलंय. २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी क्रोन्स (आतड्याला कायमची सूज येणारा) आजार असलेल्या पेशंटच्या लाळेतून क्लेबसिएला नावाचा बॅक्टेरिया वेगळा करून उंदरांना दिला, तर आतड्यातले नेहमीचे बॅक्टेरिया अँटिबायोटिकने विस्कटले असतील तरच तो नीट ठाण मांडतो आणि तिथली प्रतिकारशक्ती भडकवतो असं दिसलं. म्हणजे आधी घर मोकळं झालं पाहिजे.
दुसरी गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. आतड्यातल्या बॅक्टेरियांच्या टेस्टच्या रिपोर्टमध्ये आकडे टक्क्यांत असतात. गावातली निम्मी माणसं कामाला मुंबईला गेली तर गावात पाहुणेच जास्त दिसतात, पाहुणे काही वाढलेले नसतात. तसंच आतड्यातले मूळचे बॅक्टेरिया कमी झाले की तोंडातल्यांची टक्केवारी आपोआप वाढते. २०२४ मध्ये यावर चांगलं काम आलंय, आणि बऱ्याच वेळा नेमकं हेच होत असतं. म्हणून ती महागडी टेस्ट करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, निरोगी आतड्यात कोण किती असावेत याचं सर्वमान्य माप अजून ठरलेलं नाही, त्यामुळे रिपोर्ट बघून डॉक्टर तरी काय औषध देणार.
पण विषय फालतू आहे असंही नाही हं. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा दातांवरच्या थरात राहणारा बॅक्टेरिया आहे, २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमना तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत सापडला, आणि २०२४ मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी दाखवलं की त्याचा एक ठरावीक उपप्रकारच तपासलेल्या गाठींपैकी जवळपास निम्म्या गाठींमध्ये आहे. त्याने कॅन्सर सुरू होतो की झालेल्या गाठीत तो जाऊन राहतो यावर अजून काम चालू आहे, त्यामुळे घाबरू नका.

बीट_आणि_पालक:
माउथवॉशबद्दल कुणी बोललं नाही म्हणून, मी डाएटिशियन आहे. तोंडातले सगळे बॅक्टेरिया शत्रू नसतात हो! पालक, बीट, मुळा यातलं नायट्रेट आतड्यातून रक्तात जातं, तिथून लाळेच्या ग्रंथी ते ओढून घेऊन परत तोंडात आणतात, मग जिभेवरचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते गिळलं की पुढे नायट्रिक ऑक्साइड बनतं ज्याने रक्तवाहिन्या सैल राहतात. नायट्रेटचं नायट्राइट करायचं हे काम आपलं शरीर स्वतः जवळजवळ करतच नाही. २०१३ मध्ये निरोगी लोकांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश देऊन बघितलं तर बीपी २ ते ३.५ ने वाढलं. आकडा छोटा आहे पण सासऱ्यांना बीपी असेल तर कायमचं दिवसातून तीनदा कशाला, शिवाय दातांवर डाग पडतात ते वेगळंच.

साताऱ्याची_काकू:
मशेरी लावतात का ते? आमच्याकडे सासूबाई आयुष्यभर लावायच्या, दात स्वच्छ राहतात म्हणून. तव्यावर भाजली तरी तंबाखूच ना ती, हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडली होती. सगळे विचारतात ब्रश करता का, मशेरीचं कोणी विचारत नाही आणि माणसं आपणहून सांगत नाहीत.

मिरजेची_सून:
काकू, लावतात! सकाळ-संध्याकाळ. इतकी सवयीची गोष्ट की लिहायचं डोक्यातच आलं नाही. बीपीची गोळी पण आहे, आणि रक्त पातळ होण्याची एक. सगळ्यांचे खूप आभार, हा धागाच त्यांना वाचून दाखवते. डॉक्टर, आधी दातांचं बघू का पोटाचं?

दातांचा_डॉक्टर:
दोन्ही सोबतच, पण पोटाचं मुळीच लांबवू नका. या वयात शौचाची सवय काही महिन्यांपासून बदललीय तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, त्याचं खापर हिरड्यांवर किंवा बॅक्टेरियांवर फोडून बसू नका. शौचातून रक्त, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी असं काही असेल तर या आठवड्यातच जा. साखर पण तपासून घ्या, डायबिटीस असला की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला जड जाते.
डेंटिस्टकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं खुर्चीत बसायच्या आधी सांगा, स्वतःहून ती एक दिवससुद्धा बंद ठेवू नका. मशेरीचंही सांगा, त्यांना सांगायला अवघड वाटत असेल तर तुम्हीच सांगा.