मदत हवी आहे: मायएसक्यूएल ट्रिगर, दर कुणीही बदलला तरी नाव माझंच

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. शिक्षण बीकॉम; डेटाबेस रात्री घरी बसून शिकतोय. मालाची यादी एक्सेलमधून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणली. सुताचा भाव हलला की आमचे दर हलतात, म्हणून शेठना हवंय की दर बदलला की जुना दर, नवा दर आणि बदलणाऱ्याचं नाव 'दरनोंद' टेबलात आपोआप पडावं.

'माल' टेबलावर आफ्टर अपडेट ट्रिगर, म्हणजे ओळ बदलून झाली की आपोआप चालणारा कोड, लिहिला. (मोबाइलवरून टंकतोय, कोड शब्दांतच सांगतो.) त्यातूनच 'माल'मधला 'शेवटचा_बदल' रकाना अपडेट करायला गेलो तर एरर १४४२. तो भाग काढला. मग नुसते नग बदलले तरी दरनोंदीत ओळ पडायला लागली, म्हणून ओल्ड.दर <> न्यू.दर (जुना-नवा दर वेगळा असेल तरच) अशी अट घातली. आता ज्या मालाचा दर आधी नल (म्हणजे रिकामा) होता, तो भरला तर नोंदच होत नाही!

सगळ्यात वाईट म्हणजे नाव. करंट_यूजर() वापरलंय, पण दर कुणीही बदलो, नाव माझंच. शेठ परवा म्हणाले, "काय हो, दिवसभर दरच बदलत बसता काय?"

चरखा: ज्या टेबलाच्या अपडेटमुळे ट्रिगर चालला, त्याच टेबलात मायएसक्यूएल ट्रिगरमधून बदल करू देत नाही. दिला असता तर अपडेटमुळे ट्रिगर, ट्रिगरमुळे अपडेट, कापूसकोंड्याची गोष्टच. त्यासाठी वेगळा बिफोर अपडेट ट्रिगर लिहा, आत 'सेट न्यू.शेवटचा_बदल = नाऊ()' एवढंच. ओळ अजून लिहिली गेलेली नसते, त्यामुळे वेगळं अपडेट लागतच नाही. दरनोंदीतला इन्सर्ट आफ्टरमध्येच राहू द्या.

नलशी कशाचीही <> ने तुलना केली की उत्तर नलच येतं, आणि इफ ते खरं धरत नाही. 'नॉट (ओल्ड.दर <=> न्यू.दर)' लिहा; ही तुलना नललाही चालते.

नावाचं म्हणाल तर ट्रिगर तो बनवणाऱ्याच्या, म्हणजे डिफायनरच्या अधिकारात चालतो. आत करंट_यूजर() तुमचंच नाव सांगणार. यूजर() घाला, ते प्रत्यक्ष लॉगिन केलेल्या खात्याचं नाव देतं.

धागाकर्ता: पहिले दोन्ही जमले, फार आभार. यूजर()ने माझं नाव गेलं, आता 'काउंटर@लोकलहोस्ट' येतं. काउंटरवर तिघं बसतात आणि तिघंही एकाच पासवर्डने शिरतात.

चरखा: मग तिघांना तीन खाती काढून द्या. ते ट्रिगरच्या हातात नाही.

धागाकर्ता: उद्याच काढतो. पण शनिवारी जंबो टॉवेलचा दर कुणी पाडला, ते आता कळेल का?

चरखा: नाही. त्या ओळीत तुमचंच नाव राहणार.