चारी खोदली, पाईप टाकले. मोठा ठेकेदार पैसे देऊन नाही राहिला

आर्णीचा जेसीबीवाला
राम राम भाऊ. 2024 च्या उन्हाळ्यात जलजीवनच्या कामात चारी खोदून पाईप टाकाचा पोटठेका घेतला होता, रनिंग मीटरवर (जितके मीटर चारी, तितका भाव). ठेकेदार बाहेर जिल्ह्यातला. काळी माती होती तोवर ठीक, टाकीकडं खडक लागला. ब्रेकर लावा लागला, त्याचा भाव फोनवरच ठरला. आता 4 लाख 60 हजार अडकले. विचारलं की एकच, "वरून बिल निघालं नाही." डिझेलचा पंपवाला अन् बँकेचा हप्ता कोणाच्या वरची वाट पाहते काय? करारनामा नाही. जीएसटी बिलं, मशीन किती तास चालली त्याची लॉगशीट, सुपरवायझरच्या सह्या, व्हॉट्सॲपवर मोजमाप आहे. सरकारी विभागाकडून डायरेक्ट पैसे भेटते का? का लहान उद्योगांच्या थकबाकीचं सरकारी समाधान पोर्टल हाय, त्यावर टाकू?

पुसदचा अकाउंटंट
विभागाचा करार मोठ्या ठेकेदाराशी, तुमच्याशी नाही. तिथून चेक निघणार नाही. पण माहिती निघते. दहा रुपयांचा माहिती अधिकार टाका: त्या योजनेची रनिंग बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणारी) कधी, किती रकमेची अदा झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "बिल निघालं नाही" खरं की थाप, ते कळेल.
अन् आजच तुमचं 26एएस उघडा, म्हणजे तुमच्या पॅनवर कोणी किती टीडीएस कापला त्याचा इन्कम टॅक्सचा उतारा. ठेकेदारानं तुमचं बिल त्याच्या हिशेबाच्या वहीत धरलं की पैसे दिले नसले तरी टीडीएस कापावा लागतो. कापला असेल तर काम झालं हे त्यानंच सरकारले सांगितलं.

नागपूरहून वकील
समाधान लहान उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्यातल्या, 45 दिवसांत पैसे देण्याच्या नियमावर चालतं आणि व्याजही दणकून लागतं, पण कामाच्या कंत्राटाला तो कायदा लागू होत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. त्यावरच विसंबू नका. दाव्याची मुदत जपा: काम संपल्यापासून तीन वर्षं. "इतके देणे आहे" असं त्याच्या सहीनं मुदतीच्या आत लिहून घेतलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्यानं सुरू होते. आधी स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह, नोटीस. त्यानं चेक दिला तर तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. परतला तर बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग त्याला पैसे द्यायला पंधरा दिवस.

आर्णीचा जेसीबीवाला
26एएस पाहिलं. चारीच्या बिलावर टीडीएस कापला हाय! ब्रेकरचं बिल मात्र धरलंच नाही. त्याचेच दीड लाखाच्या वर होते.

पुसदचा अकाउंटंट
मग माहिती अधिकारात मोजमाप पुस्तकाची (विभाग झालेलं काम मोजून लिहितो ते) पानंही मागा, टाकीकडच्या चारीची. तिथं कठीण खडकातलं खोदकाम लिहिलं असेल तर ठेकेदारानं विभागाकडं खडकाचाच भाव लावला. ते पान अन् तुमच्या लॉगशीटच्या तारखा जुळवून वकील साहेबांकडं न्या.