फर्ग्युसन गेल्यानंतर मँचेस्टर युनायटेडची घडी इतकी का विस्कटली?

गोदाकाठ (नांदेड) यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार. नांदेडमध्ये आम्ही काही मित्र शनिवार-रविवारी प्रीमियर लीग या इंग्लंडमधील फुटबॉल स्पर्धेचे सामने एकत्र बसून पाहतो. आमच्यापैकी निम्मे मँचेस्टर युनायटेडचे जुने चाहते असल्याने सामना संपला तरी वाद मिटत नाही, आणि हल्ली तो एकाच प्रश्नावर येऊन अडतो. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक या नात्याने, नोव्हेंबर १९८६ पासून २०१३ च्या हंगामाअखेरीपर्यंत हा क्लब सांभाळला, १३ वेळा प्रीमियर लीग जिंकून दिली आणि ते निवृत्त झाले तेव्हा संघ ८९ गुणांसह, दुसऱ्या क्रमांकावरील मँचेस्टर सिटीच्या ११ गुण पुढे होता. पुढच्याच हंगामात जवळजवळ तेच खेळाडू हाताशी असताना डेव्हिड मोयेस यांचा संघ सातव्या क्रमांकावर घसरला. त्यानंतर व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्सकायर, टेन हाग, अमोरिम असे निरनिराळ्या पठडीतले मॅनेजर आले, तरी त्यांच्यापैकी कोणालाही लीग जिंकता आली नाही. उलट २०२४-२५ मध्ये संघ ४२ गुणांसह १५ व्या क्रमांकावर गेला.

मोयेस यांची निवड चुकली, एवढ्या कारणाने हे सारे समजते का? की त्यांना पुरेसा वेळ मिळाला नाही, हे खरे कारण आहे? फर्ग्युसन यांनाही पहिल्या लीग विजेतेपदासाठी १९९३ पर्यंत, म्हणजे साडेसहा वर्षे थांबावे लागले होते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मांजराकाठ (लातूर)

आपला प्रश्न रास्त आहे, परंतु ‘जवळजवळ तेच खेळाडू’ या शब्दांत अर्धे उत्तर दडले आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात फर्डिनंड ३४ वर्षांचा, एव्हरा ३२ वर्षांचा, व्हिडिच ३१ वर्षांचा आणि गिग्ज ३९ वर्षांचा होता, तर स्कोल्स नुकताच निवृत्त झाला होता. आदल्या हंगामातील विजेतेपदाचा मोठा भार रॉबिन व्हॅन पर्सीच्या २६ लीग गोलांवर होता. त्या संघाकडून कोणत्या सामन्यात कोणाला खेळवावे, कोणाला विश्रांती द्यावी आणि शेवटच्या वीस मिनिटांत काय बदल करावेत, याची जाण फर्ग्युसन यांना वर्षानुवर्षांच्या सहवासातून आलेली होती. म्हणजे मोयेस यांच्या हाती आला तो विजेता संघ खरा, पण मावळतीकडे झुकलेला.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. फर्ग्युसन यांच्याबरोबरच मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले. खेळाडूंची खरेदी, करार, इतर क्लबांशी बोलणी हे सर्व ज्या दोन माणसांच्या हातात होते, ती दोन्ही माणसे एकाच उन्हाळ्यात गेली, आणि त्यांच्या जागी आलेले एड वुडवर्ड हे मुळात व्यावसायिक व्यवहार पाहणारे गृहस्थ होते. परिणाम लगेच दिसला. मारुआन फेलायनी याच्या करारात ठरावीक किमतीला सोडण्याचे कलम होते व त्याची मुदत जुलैअखेर संपत होती. ती मुदत उलटू दिली गेली आणि खरेदीच्या अखेरच्या दिवशी त्याच खेळाडूसाठी २ कोटी ७५ लाख पौंड, म्हणजे कलमातील रकमेपेक्षा काही लाख पौंड जास्त, मोजावे लागले. जो खेळाडू मोयेस यांनी स्वतः आपल्या आधीच्या क्लबात, एव्हर्टनमध्ये, वर्षानुवर्षे खेळवला होता, त्याच्या बाबतीत हे घडावे, यावरून कार्यालयातील गोंधळाची कल्पना यावी.

तिसरी बाब प्रशिक्षकांची. फर्ग्युसन रोजचा सराव बहुतांशी सहायकांवर सोपवत असत. किड, मॅक्लारेन, केरोझ, म्यूलेनस्टीन, फेलन अशी ती मालिका होती. मोयेस यांनी आल्याबरोबर फेलन, म्यूलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील यांना निरोप दिला आणि एव्हर्टनमधील आपली माणसे आणली. नव्या मॅनेजरने स्वतःचे सहकारी आणणे यात गैर काही नाही, पण जुन्यांपैकी एखादा जरी ठेवला असता, तरी खेळाडूंच्या सवयी सांगणारे कोणी उरले असते. आमच्या लातूरमध्ये शिकवणीचे नावाजलेले वर्ग पाहिल्यास हेच आढळते: सराव परीक्षा, प्रश्नसंच आणि शिक्षकांची फळी जागेवर असेल, तर मुख्य सर गेले तरी निकाल टिकतो, सगळे सरांच्या डोक्यात असेल, तर पुढच्याच जूनमध्ये विद्यार्थी दुसरीकडे नाव घालतात.

मोयेस यांच्या काळात फुलहॅमविरुद्धच्या घरच्या सामन्यात युनायटेडने ८० हून अधिक क्रॉस (मैदानाच्या कडेने गोलसमोर मारलेले चेंडू) टाकले आणि तो सामना २-२ असा सुटला. दुसरे काही सुचत नसल्याचे ते लक्षण होते. सहा वर्षांचा करार असताना २२ एप्रिल २०१४ रोजी त्यांना काढण्यात आले. क्लबाच्या एकूण विसाव्या लीग विजेतेपदावर शिक्कामोर्तब झाले, त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते.

खाम नदी (छत्रपती संभाजीनगर)

वरील विवेचन चांगले आहे, मात्र त्यात मालकांचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटते. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब विकत घेताना त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच माथी टाकला आणि तेव्हापासून क्लबच्या मिळकतीतून व्याज भरले जात आहे. २००९ मध्ये रोनाल्डोला ८ कोटी पौंडांना रेआल माद्रिदला विकले, तेव्हा त्याच्या तोडीचा एकही खेळाडू आणला गेला नाही. अंतोनियो व्हॅलेन्सिया आणि करार संपलेला मायकल ओवेन यांच्यावर भागवले गेले. तरीही फर्ग्युसन यांनी २०११ आणि २०१३ मध्ये लीग जिंकली. माझ्या मते त्यांच्या कर्तबगारीनेच मालकांची अनास्था झाकली गेली. ओल्ड ट्रॅफर्डचा शेवटचा मोठा विस्तार २००६ मध्ये झाला, आणि मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर त्याच मैदानाच्या छतातून पाण्याचे लोट कोसळताना साऱ्या जगाने पाहिले. फर्ग्युसन गेले नसते, तरी हे कधीतरी उघडे पडणारच होते.

गोदाकाठ (नांदेड)

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो. दीर्घकाळ राहिलेला मॅनेजर गेल्यावर प्रत्येक क्लबाची अशीच अवस्था होते का? तसे असेल, तर युनायटेडलाच दोष देणे अन्यायाचे ठरेल.

दुधनाकाठ (परभणी)

तसे होत नाही, आणि याचे उत्तर युनायटेडच्याच इतिहासात शोधता येते. मॅट बस्बी यांनी १९४५ पासून संघ घडवला, १९५८ च्या म्युनिक विमान अपघातानंतर तो पुन्हा उभा केला आणि १९६८ मध्ये युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला. १९६९ मध्ये त्यांनी पद सोडले, पण जनरल मॅनेजर म्हणून ते क्लबमध्येच राहिले. अवघ्या ३१ वर्षांच्या विल्फ मॅकगिनेस यांच्याकडे चार्लटन, लॉ आणि बेस्ट यांच्यासारख्या दिग्गजांना सांभाळण्याचे काम आले, तेही बस्बी त्याच इमारतीत बसलेले असताना. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेस यांना हटवून बस्बी स्वतःच काही महिने परतले. पुढे ओ’फॅरेल आले, तेही दीड वर्षात गेले, आणि १९७४ मध्ये संघ खालच्या विभागात ढकलला गेला. २०२४-२५ चा १५ वा क्रमांक हा त्या १९७४ नंतरचा सर्वांत वाईट होय. ज्या क्लबाने हा अनुभव एकदा घेतला होता, त्याने २०१३ मध्ये तोच धडा नव्याने गिरवावा, हे मला अक्षम्य वाटते.

आता लिव्हरपूल पाहा. बिल शँक्ली १९७४ मध्ये अचानक निवृत्त झाले, तेव्हा सूत्रे बॉब पेस्ली यांच्याकडे गेली, जे १९३९ पासून खेळाडू, फिजिओ आणि प्रशिक्षक अशा नात्यांनी त्याच क्लबमध्ये होते. पेस्ली यांनी नऊ हंगामांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. त्यांच्यानंतर जो फेगन आणि मग केनी डॅलग्लिश आले, तेही आतलेच. शँक्ली सरावाच्या मैदानावर येत राहिले आणि खेळाडू त्यांनाच ‘बॉस’ म्हणत राहिले, हा अवघडलेपणा तेथेही होता. परंतु काम कसे करायचे हे बूट ठेवण्याच्या त्या प्रसिद्ध खोलीत बसणाऱ्या चार-पाच जणांना ठाऊक असल्याने तो निभावून गेला.

अलीकडचे उदाहरण हवे असल्यास लिव्हरपूलचेच तेव्हाचे मॅनेजर क्लॉप यांचे घ्यावे. त्यांनी जानेवारी २०२४ मध्येच आपला निर्णय जाहीर केला, त्यामुळे क्लबाचे अधिकारी मायकल एडवर्ड्स आणि रिचर्ड ह्यूज यांना उत्तराधिकारी निवडायला अवधी मिळाला. अर्ने स्लॉट आले आणि त्या उन्हाळ्यात किएझा वगळता संघात नवी भर न पडताही २०२४-२५ ची लीग जिंकून गेले. आर्सेनलला मात्र २२ वर्षांनी व्हेंगर गेल्यावर त्रास झालाच. एमेरी दीड वर्षात गेले, आर्टेटा यांच्या हाताखाली संघ सलग दोनदा आठवा आला, आणि तरीही क्लब एका दिशेवर ठाम राहिला म्हणून पुढे सलग तीनदा दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला.

बिंदुसरा (बीड)

थोडक्यात लिहितो. वेळ द्यायला हवा होता, हे मला पटत नाही. मोयेस यांच्या संघाला घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉमिचने १९७८ नंतर, न्यूकॅसलने १९७२ नंतर आणि एव्हर्टनने १९९२ नंतर प्रथमच हरवले. फर्ग्युसन यांना १९८६ मध्ये रसातळाला गेलेला संघ मिळाला होता आणि त्यांनी त्या काळात युवा संघांची घडी बसवली, म्हणून त्यांना मिळालेला वेळ सार्थकी लागला. नुसता वेळ काढल्याने काही उभे राहत नाही.

मांजराकाठ (लातूर)

खाम नदी यांचा आक्षेप मान्य आहे. मालकांचा मुद्दा आला नसता, तर चर्चा अपुरी राहिली असती. केवळ एक भर घालतो. पैसा खर्चच झाला नाही, असे मात्र कोणी समजू नये. व्हॅन गाल यांच्यासाठी डी मारिया जवळजवळ ६ कोटी पौंडांना आणला आणि वर्षभरात विकला. टेन हाग यांच्यासाठी अँटनीवर त्याहून अधिक रक्कम गेली. आणि मग तीन बचावपटूंची रचना आग्रहाने खेळणाऱ्या अमोरिम यांच्या हाती तिला न जुळणारा संघ आला. प्रत्येक मॅनेजर आपल्या पसंतीचे चार खेळाडू ठेवून गेला आणि पुढच्याला ते नको होते. फुटबॉल संचालक हे पदच क्लबाने २०२१ मध्ये प्रथम निर्माण केले. उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी २०२४ मध्ये क्लबाच्या मालकीत हिस्सा घेतल्यावर हे सुधारेल असे वाटले होते, परंतु त्याच वर्षी टेन हाग यांचा करार जुलैमध्ये वाढवून ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले गेले आणि मोठ्या खटपटीने आणलेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ पाच महिन्यांत बाहेर पडले. मॅनेजर निवडणारी माणसेच टिकत नसतील, तर नांदेडच्या मंडळींचा वाद अजून काही हंगाम तरी चालेल, असे दिसते.