बेसबॉलचं शिबिर आणि धर्मप्रचार एकाच दौऱ्यात असावेत का?

पैलतीर

आमचा मुलगा इथे टेक्सासमध्ये बेसबॉलच्या ट्रॅव्हल टीममध्ये खेळतो. त्याच्या कोचबद्दल मला माणूस म्हणून मनापासून आदर आहे. ते दर उन्हाळ्यात आपल्या चर्चतर्फे काही मोठी मुलं आणि पालक घेऊन कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकला जातात. सकाळी तिथल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना पिचिंग-बॅटिंग शिकवतात, इथून नेलेले ग्लव्ह, बॅट, बूट वाटतात. संध्याकाळी त्याच मैदानावर प्रार्थना, गाणी आणि खेळाडूंची साक्ष (येशूने आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगणं) असते. शेवटी ज्यांना येशूचा स्वीकार करायचा आहे त्यांनी हात वर करायचा. परत आल्यावर इथे फोटो दाखवतात आणि किती हात वर झाले तेही सांगतात. यंदा आमच्या मुलाला बोलावणं आलं. आम्ही नाही म्हटलं. त्यावरून मित्रमंडळींत बरीच वादावादी झाली, म्हणून हा धागा.

धर्मप्रचाराला माझा विरोध नाही. ज्याची श्रद्धा आहे तो ती बोलून दाखवणारच. बेसबॉल शिकवायला तर विरोध असण्याचं कारणच नाही. पण एकाच माणसाने, एकाच आठवड्यात, त्याच लहान मुलांसमोर या दोन्ही गोष्टी करू नयेत असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण त्या देशात आहे. तिथे बेसबॉल नुसता छंद नाही. मेजर लीग या अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेतल्या सगळ्या ३० संघांच्या अकादम्या तिथे आहेत, आणि मेजर लीगमधला साधारण दर दहावा खेळाडू डॉमिनिकन असतो. सोळाव्या वर्षी करार होऊ शकतो, त्यामुळे बारा-तेराव्या वर्षापासून मुलं खासगी प्रशिक्षकांच्या हाताखाली जातात. करार झाला तर त्यातला मोठा वाटा त्या प्रशिक्षकाचा. कित्येकांची शाळा सुटते. साखर कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्यांतल्या मुलासाठी घर बांधण्याचा, आईला कामातून सोडवण्याचा हा जवळजवळ एकच डोळ्यांना दिसणारा मार्ग आहे. अशा ठिकाणी मेजर लीगची टोपी घातलेला, पोतंभर ग्लव्ह घेऊन आलेला अमेरिकन उतरतो. आमचे कोच स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) नाहीत, कुणाला करार मिळवून देणं त्यांच्या हातात नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला ते कुठे माहीत असतं? तो माणूस संध्याकाळी म्हणतो, चला, आपण प्रार्थना करू. त्या मुलाने नाही म्हणावं तरी कसं?

फुलटॉस

तुमचा हेतू समजतो, पण निष्कर्ष पटला नाही. खेळ आणि मिशन यांची गाठ आजची नाही. बास्केटबॉल जन्मला १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत, व्हॉलीबॉल १८९५ मध्ये होलिओकच्या वायएमसीएत. कोरियात बेसबॉल नेला फिलिप जिलेट या वायएमसीएच्या मिशनऱ्याने, १९०५ च्या सुमारास, सोलमध्ये. त्याच कोरियाने २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. आपल्याकडे मद्रासला १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. पुढे देशभरच्या शाळांत ड्रिल घेणारे, मैदान आखून देणारे किती पीटीचे मास्तर तिथून तयार झाले! आमच्या शाळेचे सरही तिथलेच, आणि ते दर मंगळवारी न चुकता सिद्धिविनायकाला जायचे.

दुसरं असं की, तुम्हीच सांगितलंत की तिथला धंदा मुलांना कसा वापरतो. अकादमी सोळा वर्षांच्या मुलाला घेते आणि खांदा गेला की घरी पाठवते. त्यावर धागा निघत नाही. स्वतःची रजा आणि स्वतःचे पैसे घालून, बदल्यात करारातला एक पैसा न मागता जो माणूस शिकवायला जातो, त्याच्यावर निघतो. आणि तो काही चोरून करत नाही. चर्चचं नाव टी-शर्टवर छापलेलं असतं.

पैलतीर

@फुलटॉस, अकादम्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, त्यांच्यावर लिहायला हवंच. पण एक माणूस त्या मुलाच्या खांद्याचा फायदा घेतो म्हणून दुसऱ्याला त्याच्या मनावर हक्क मिळत नाही. कोरियाचं उदाहरण तर मला माझ्याच बाजूचं वाटतं. मुलांनी खेळ घेतला, ज्यांना धर्म घ्यायचा त्यांनी धर्म घेतला, आणि जिलेट तिथे वर्षानुवर्षं राहिले. खेळायला येणाऱ्याला रोज त्यांच्याकडे पाहता आलं, पारखता आलं. एका आठवड्याच्या शिबिरात पारखणार कोण आणि कधी?

नगरकर

बराच वेळ वाचत होतो, लिहू की नको असं झालं होतं. मी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) ख्रिस्ती कुटुंबातला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये नगरला. आमच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं. शाळेच्या पायरीवर बसायची सोय नव्हती. मिशनच्या शाळेने दार उघडलं. तेव्हापासून आजपर्यंत आम्हाला एकच ऐकवलं जातं: तुम्ही तांदळासाठी, दुधाच्या पावडरीसाठी बाटलात. आता त्यात ग्लव्ह आणि बॅटची भर पडली.

पैलतीरताई, तुम्ही सौम्य शब्दांत लिहिलंय, पण त्याचा अर्थ तोच निघतो. गरिबाचा होकार हा खरा होकार नाही, कारण तो गरीब आहे, असं म्हटलं की त्याच्या मनाचा मालक तो राहतच नाही. श्रीमंताच्या मुलाला कुणी शुभवर्तमान सांगितलं तर तो विचारविनिमय, आणि वस्तीतल्या मुलाला सांगितलं तर आमिष? माझ्या पणजोबांना अक्षरओळख झाली आणि त्यांनी स्वतः बायबल वाचलं. पुढे भाकरीची ददात असतानाही ते देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये जात राहिले. मिशनची नोकरी सुटली तरी श्रद्धा सुटली नाही. ती विकत घेतलेली असती तर टिकली असती का?

आणि ज्याचा येशूवर खरोखर विश्वास आहे त्याने मैदानाच्या फाटकाबाहेर तो काढून ठेवायचा कसा? तो मुलांवर प्रेम करतो ते त्याच विश्वासामुळे. शिकव, पण का शिकवतोस ते सांगू नकोस, ही अटच मला खोटी वाटते.

मुद्देसूद

नगरकर, तुमची वेदना खरी आहे आणि 'तांदळाचे ख्रिस्ती' म्हणणाऱ्यांशी माझंही भांडण आहे. पण पणजोबांनी वाचून, वर्षानुवर्षं जगून घेतलेला निर्णय आणि शिबिराच्या पाचव्या संध्याकाळी सगळ्यांच्या बरोबर वर झालेला एका मुलाचा हात या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. त्यात तुमच्या पणजोबांवरच अन्याय होतो.

हा वाद महाराष्ट्रात एकदा अगदी जवळून झाला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवा आणि निराधार मुलींसाठी, अमेरिकेतून येणाऱ्या पैशावर, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या हमीवर. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि त्यांच्या खोलीत प्रार्थना चाले. काही मुली तिथे बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर हे रमाबाईंचे हितचिंतक, पण १८९३ मध्ये त्यांनीही सल्लागार मंडळ सोडलं. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, दार उघडं आहे. टीकाकार म्हणत, जिला खायला-प्यायला, राहायला तुम्हीच देता तिला उघडं दारही ओढून घेतं.

माझी सहानुभूती बरीचशी रमाबाईंकडे आहे. ज्या समाजाने त्या मुलींचे केस उतरवून कोपऱ्यात बसवलं, त्याला पालक म्हणून ओरडायचा अधिकार फारसा उरला नव्हता. शिवाय रमाबाई त्यांच्यासाठी आयुष्यभर थांबल्या. डॉमिनिकन मुलांना आई-बाप आहेत, घर आहे, देव आहे. आणि पाहुणे शनिवारी विमानात बसतात.

कायद्यातही याचा विचार झालाय. ग्रीसच्या हवाई दलातल्या तीन पेंटेकोस्टल (एक प्रॉटेस्टंट पंथ) अधिकाऱ्यांनी हाताखालच्या जवानांना आणि काही नागरिकांना आपला धर्म सांगितला, आणि त्याबद्दल त्यांना तिथे शिक्षा झाली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९८ मध्ये निकाल देताना दोन्हींत फरक केला. नागरिकांच्या बाबतीत झालेली शिक्षा चूक ठरवली, पण जवानांच्या बाबतीतली योग्य. वरिष्ठ बोलत असतो तेव्हा हाताखालच्याला विषय टाळता येत नाही, हे त्यामागचं सूत्र. शब्द तेच होते, ऐकणाऱ्याची जागा वेगळी होती. कोच आणि खेळाडूचं नातं मला जवानांच्या प्रकारात जास्त बसतं असं वाटतं.

फुलटॉस

मग २०२२ चा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकालही सांगा ना. ब्रेमर्टनच्या शाळेतले फुटबॉल कोच केनेडी सामन्यानंतर मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करायचे. शाळेने त्यांच्यावर कारवाई केली आणि कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने कोचच्या बाजूने निकाल दिला.

मुद्देसूद

सांगतो. बहुमताने ती प्रार्थना त्यांची वैयक्तिक मानली, मुलांना सांगून करून घेतलेली नव्हे. म्हणूनच ते जिंकले. कुणी शिबिरात एकट्याने गुडघे टेकले तर माझी काहीच हरकत नाही.

उत्तर वसई

मी कॅथलिक आहे, वसईचा. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली म्हणून लिहितो. डॉमिनिकन रिपब्लिकच्या झेंड्यावर मधोमध क्रूस आणि उघडं बायबल आहे. देश पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. तिथल्या मुलाचा बाप्तिस्मा बहुधा तान्हेपणी झालेला असतो, आजी त्याला मिस्साला घेऊन जाते. टेक्सासहून गेलेले लोक त्याला 'येशूला ओळखतोस का?' असं विचारतात, तेव्हा त्या आजीला काय वाटत असेल? हात वर करणारा मुलगा ख्रिस्ती नव्हता आणि ख्रिस्ती झाला, असं मोजणं हा तिच्या श्रद्धेचा अपमान आहे. आणि आठवडा संपल्यावर घरात जी फूट पडते ती निस्तरायला कुणी मागे राहत नाही.

धर्म आणि खेळ एकत्र नकोत असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या धर्मग्रामाच्या मैदानावर फादर स्वतः मुलांबरोबर फुटबॉल खेळतात. हिंदू, मुसलमान सगळी मुलं येतात. फादरांच्या अंगावर झगा असतो, ते कोण आहेत हे सगळ्यांना ठाऊक. त्यांनी आजवर कुणाला मैदानावर हात वर करायला सांगितलेलं नाही.

रोबेर्तो क्लेमेंते आठवा. पोर्तो रिकोचा, पिट्सबर्ग संघाचा महान बेसबॉलपटू. मुलांसाठी फुकट शिबिरं घ्यायचा. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान कोसळून गेला. कॅथलिक होता. आजही त्या भागातल्या लोकांना त्याचा धर्म विचारावा लागत नाही.

नगरकर

@उत्तर वसई, हे मात्र मान्य. दुसऱ्याच्या कळपातली मेंढरं मोजून आपली म्हणू नयेत. आमच्याही काही पाळकांना हे सांगावं लागतं.

आणि मुद्देसूद यांच्यासाठी माझ्याच मिशनचं एक उदाहरण देतो. क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांनी १९२६-२७ च्या सुमारास मुंबईत नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं. मुसलमान, ज्यू, हिंदू सगळ्यांच्या त्या दाटीवाटीच्या मोहल्ल्यात दवाखाना, वाचनालय, व्याख्यानं, खेळ. नागपाड्यात बास्केटबॉल असा मुरला की भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर त्याच मोहल्ल्यातून आले. मॅनशार्ट पुढे १९३६ मध्ये टाटांच्या समाजकार्य संस्थेचे, म्हणजे आजच्या टिसचे, पहिले संचालक झाले. मिशनरी म्हणजे हात मोजणारा, एवढंच चित्र डोक्यात असेल त्यांनी नागपाड्याला जाऊन यावं.

पैलतीर

नगरकरदादा, नागपाड्याचं उदाहरण वाचून फार बरं वाटलं. मला तेच तर हवंय! आणि गरिबाच्या होकाराबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर देते. मोठ्या माणसाचा होकार मी कधीच नाकारणार नाही, तो कितीही गरीब असो. १९५६ मध्ये नागपूरला लाखोंनी धर्म बदलला, त्यात बहुतेक गरीबच होते, आणि त्यांच्या निर्णयाला हलकं म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. माझा प्रश्न वयाचा आहे, आणि ज्याच्या हातात त्या मुलाला हवी असलेली वस्तू आहे त्याच्या जागेचा आहे. माझ्या मुलाला शाळेत कुणी असं केलं तर मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे उभी राहीन. त्या वस्तीतल्या आईकडे तशी सोय नाही.

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी कोचना भेटायचं ठरवलंय. चार गोष्टी मागणार आहे. संध्याकाळी काय होणार ते आधी पालकांना स्पॅनिशमध्ये लेखी कळवा आणि त्यांची सही घ्या. सामान तिथल्या स्थानिक लीगच्या हवाली करा, ते प्रार्थनेच्या आधी-नंतर वाटू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांचे हात मोजू नका. आणि जो सकाळी शिकवतो त्याने संध्याकाळी साक्ष देऊ नये. हे मान्य झालं तर पुढच्या वर्षी मुलाला पाठवायचा विचार करू.

फुलटॉस

पहिल्या दोन अटी कुणीही समंजस कोच मान्य करेल. तिसरीवर खळखळ होईल, कारण देणगी देणाऱ्यांना आकडा हवा असतो. तरीही मागा.

नगरकर

पहिल्या तिन्ही अटींवर मी सही करेन. तिसरीवर तर आनंदाने, कारण मुलाचं मन देव मोजतो, आपण नाही. चौथीवर करणार नाही. ज्या माणसाने त्या मुलाला चेंडू कसा धरायचा ते शिकवलं, त्याच्याच तोंडून विश्वासाबद्दल ऐकण्यात मुलाला धोका दिसतो की विश्वास ठेवण्याजोगा माणूस दिसतो, हे मी त्या मुलाच्या आई-बापावर सोडेन. पहिल्या अटीप्रमाणे त्यांना सगळं आधी सांगितलं असेल आणि तरी ते हो म्हणत असतील, तर मध्ये उभे राहणारे आपण कोण?

पैलतीर

त्या मुलाच्या गावाबाहेरून आलेले पाहुणे. म्हणून चौथी अट मी सोडणार नाही. आई-बापसुद्धा त्याच टोपीकडे पाहून सही करतात.